मोबाइलवर मत नको, मजुराजवळ मतदान केंद्र द्या

बिहार राज्य निवडणूक आयोगाने 28 जून 2025 रोजी नगरपालिका निवडणुकीत मोबाइल अ‍ॅपवरून मतदानाची सोय केली. ज्येष्ठ, दिव्यांग, गरोदर स्त्रिया आणि स्थलांतरितांसाठी ती होती. वंचितांचे मतदान यामुळे सोपे होईल, असे म्हणतात. आमचा सवाल आहे : कोणत्या वंचितांचे?

मेळघाटातला कोरकू मजूर होळी करून अमरावती-अकोल्याकडे कामाला उतरतो. 2024 ची लोकसभा निवडणूक या दोन्ही मतदारसंघांत 26 एप्रिलला, होळीनंतर महिन्याने झाली. मजुराचे नाव गावच्या यादीत राहते, कारण तात्पुरते बाहेर गेल्याने ते कटत नाही. मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टीचा कायदाही आहे. पण अकोल्याच्या वीटभट्टीवरून धारणीपलीकडच्या गावी एका दिवसात जाणे-येणे कसे व्हावे? भाडे कोण देणार? सैनिकाला टपाली मत आहे, निवडणूक कर्मचाऱ्याला आहे. मजुराला नाही.

मग मोबाइल का नको? ज्याने ठेकेदाराकडून उचल घेतली, त्याने ठेकेदार शेजारी उभा असताना कोणाचे बटन दाबावे? एस्टोनियात 2005 पासून इंटरनेटवर मतदान होते. तिथे दबावाखाली दिलेले मत नंतर बदलता येते. पण ज्याचा फोन आणि कागदपत्रेच दुसऱ्याच्या हाती, त्याने ते कधी बदलावे?

25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावले होते : राजकारणात समता येईल, पण सामाजिक-आर्थिक जीवनात विषमताच राहील. ही विषमता निदान मतदान केंद्राच्या दाराशी थांबते. आत मालकाला प्रवेश नाही, नवऱ्याला नाही, पाटलाला नाही. मत मोबाइलवर नेले की हे दारच राहत नाही.

म्हणून आमची मागणी साधी आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा 1951 च्या कलम 60 खाली निवडणूक आयोग शासनाशी विचारविनिमय करून टपाली मतासाठी नवा मतदारवर्ग अधिसूचित करू शकतो. स्थलांतरित मजुरांचा तसा वर्ग करा. अमरावती, अकोल्यात त्यांच्यासाठी केंद्रे उघडा. तिथे आडोशात, कागदी मतपत्रिकेवर मत घ्या आणि बंद लिफाफ्यात त्यांच्या मतदारसंघात पाठवा. कर्मचाऱ्यांसाठी जे जमते, ते मजुरांसाठी का जमू नये?

जय भीम! जय संविधान!