दाटीवाटीतली दमदार अक्षरं

मोबाइलवर फिरणारी गमतीची चित्रं तुम्ही पाहिलीच असतील. चित्राच्या वर एक ओळ, खाली एक ओळ. अक्षरं इंग्रजी, पांढरी, काळ्या कडेची. जाडजूड, तरी अंग चोरून उभी; जणू एसटीच्या गर्दीत उभे राहिलेले पैलवान! बहुतेक वेळा या फॉन्टचं नाव असतं ‘इम्पॅक्ट’.

हा फॉन्ट मोबाइलपेक्षा वयानं मोठा, बरं का! इंग्लंडच्या जेफ्री ली यांनी तो रेखाटला आणि शेफील्डच्या स्टीफन्सन ब्लेक या कारखान्यानं १९६५ मध्ये त्याचे धातूचे खिळे बाजारात आणले. खिळे म्हणजे छपाईसाठी एकेक करून जुळवायची उलटी अक्षरं. पुढे १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टनं मोफत दिलेल्या फॉन्टच्या संचात तो आला आणि घरोघरी पोहोचला.

पण अक्षरं अरुंद कशासाठी? सोपं गणित करू. फलक ४० सेंटिमीटर रुंद आहे आणि शब्दात इंग्रजी ८ अक्षरं आहेत. फटीसकट प्रत्येकाला मिळाले ५ सेंटिमीटर. अक्षर जेवढं रुंद तेवढंच उंच ठेवलं, तर उंची ५ सेंटिमीटर. रुंदी उंचीच्या निम्मी ठेवली, तर उंची १० सेंटिमीटर! जागा तेवढीच, अक्षर दुप्पट उंच. जाड रेघेमुळे ते लगेच नजरेत भरतं.

मग सगळंच असं लिहावं का? छे! रेघ जाड झाली की अक्षराच्या पोटातली मोकळी जागा कमी होते. बारीक आकारात अख्खा परिच्छेद असा छापला तर नुसते काळे ठिपके दिसतील. ही अक्षरं दोन-चार शब्दांपुरतीच.

आपल्या देवनागरीत तर आणखी कसरत. वर मात्रा, वेलांट्या, खाली उकार. शिवाय ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ यांच्यातला फरक केवढासा! रेघ फुगली की तोच बुजतो. तरीही इंडियन टाइप फाउंड्रीनं २०१४ मध्ये ‘टेको’ हा अरुंद देवनागरी फॉन्ट मथळ्यांसाठी मोफत दिला. संगणकावर त्यात ‘घर’ आणि ‘धर’ लिहून बघा.

आता एक काम. शाळेच्या फाटकासाठी फलक करायचाय. ताशी ३० किलोमीटर वेगानं येणारी गाडी एका सेकंदात आठ मीटरहून जास्त अंतर कापते. फलक २५ मीटरवरून दिसला, तर चालकाला वाचायला मिळतात जेमतेम तीन सेकंद! तेवढ्यात ‘कृपया सर्व वाहनचालकांनी…’ कोण वाचणार? ‘शाळा! हळू चला’ पुरे.

एकाच मापाच्या दोन कागदांवर हे शब्द लिहा. एकावर बारीक पेनानं, दुसऱ्यावर जाड, उंच अक्षरांत. पालकांनो, कागद भिंतीला लावून तुम्ही पंचवीस मोठी पावलं मागे जा. मुलांनो, आई-बाबांना कोणता कागद आधी वाचता येतो ते बघा. ‘ळ’चा गोळा झाला असेल, तर रेघ थोडी बारीक करा आणि पुन्हा पंचवीस पावलं मोजा!