पाचशे रुपयांची रेघ

मराठी व्यावसायिक नाटकाच्या पुढच्या रांगांचं तिकीट वर्षानुवर्षं पाचशेच्या आसपास का घुटमळतं? निर्मात्याला जास्तीचे पैसे नको असतात, असं थोडंच आहे! जीएसटीच्या नियमानुसार नाट्यप्रयोगाच्या पाचशे रुपयांपर्यंतच्या तिकिटाला कर माफ आहे. त्यावर एक रुपया जरी गेला तरी अख्ख्या रकमेवर १८ टक्के कर बसतो. सहाशेचं तिकीट लावायचं तर प्रेक्षकाच्या खिशातून ७०८ रुपये जाणार. ही मर्यादा आधी अडीचशे होती, जानेवारी २०१८ मध्ये ती पाचशे झाली. त्यानंतर नेपथ्याच्या ट्रकचं डिझेल महागलं, जाहिराती महागल्या, दौऱ्यावरचं जेवणखाण महागलं.

ही रेघ ओढली जीएसटी परिषदेनं. तिथं प्रामुख्यानं केंद्राचे आणि राज्यांचे अर्थमंत्री बसतात, सांस्कृतिक खात्याला खुर्ची नाही. तरीही मराठी नाटकाच्या गल्ल्यावर या एका ओळीचा जेवढा परिणाम होतो, तेवढा ‘सांस्कृतिक धोरण’ असं नाव छापलेल्या कुठल्याही पुस्तिकेचा होत नसावा.

पुस्तिका आहेत, आणि त्या वाचाव्यातच. डॉ. आ. ह. साळुंखे यांच्या अध्यक्षतेखालील समितीनं तयार केलेलं महाराष्ट्राचं सांस्कृतिक धोरण २०१० मध्ये जाहीर झालं. विनय सहस्रबुद्धे यांच्या समितीनं त्याची फेररचना केली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळानं नव्या मसुद्याला मान्यता दिली. त्यात कारागिरीपासून भक्ती संस्कृतीपर्यंत दहा विषय आहेत. पण अशा दस्तऐवजांत क्रियापदं भविष्यकाळी असतात: करण्यात येईल, उभारण्यात येईल, विचार केला जाईल. वर्तमानकाळ शोधायचा तर शासन निर्णयांकडे आणि अर्थसंकल्पाकडे वळावं लागतं.

वृद्ध कलावंतांच्या मानधनाचंच पाहा. ही योजना १९५४-५५ पासूनची. आज तिला राजर्षी शाहू महाराजांचं नाव आहे. फार काळ तिच्यात कलावंतांच्या तीन श्रेणी होत्या: राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा पातळीचे, आणि मानधनाचा आकडाही श्रेणीप्रमाणे. तमाशाच्या फडात आयुष्य घालवलेली ढोलकीवाली माणसं बहुधा शेवटच्या श्रेणीत. कोणाची कला किती किमतीची, हे सरकार एका तक्त्यात ठरवत होतं! २०२४ मध्ये श्रेणी गेल्या आणि सरसकट दरमहा ५,००० रुपये झाले. हा बदल चांगला आणि मोठाही, पण त्यावर वर्तमानपत्रांत फारशी चर्चा झाली नाही. आता खरा प्रश्न पुराव्याचा आहे. जत्रेतल्या बारीची पावती कोण देतो? गावोगाव फिरलेल्या सोंगाड्यानं आपलं काम कागदावर सिद्ध कसं करायचं? उत्तर मिळतं ते अर्जाच्या नमुन्यात आणि जिल्ह्याच्या निवड समितीपुढे.

दुसरं उदाहरण जुनं, पण अजून जिवंत आहे. इंग्रजांनी १८७६ मध्ये केलेला नाट्यप्रयोग कायदा, ज्याच्या बळावर खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर बंदी आली, तो अखेर २०१८ मध्ये रद्द झाला. एक लाजिरवाणी जुनाट गोष्ट संपली, असं वाटावं. महाराष्ट्रात मात्र नाटकाची संहिता आधी तपासून घेण्याची पद्धत वेगळ्याच कायद्यावर उभी आहे. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याखालच्या नियमांनी ती आणली, आणि काम पाहतं रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ. त्यामुळे दिल्लीत कायदा रद्द झाला तरी इथल्या नाटकवाल्याच्या कामात काही फरक पडला नाही. या पूर्वपरीक्षणाला अमोल पालेकर यांनी २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं. त्याच्या चाळीसेक वर्षं आधी ‘सखाराम बाइंडर’ या नाटकासाठी कमलाकर सारंग याच न्यायालयात लढले होते. त्यांचं ‘बाइंडरचे दिवस’ हे पुस्तक लोक नाट्यक्षेत्रातल्या आठवणी म्हणून वाचतात. खरं तर परवाना, कात्री, न्यायालय आणि जमाव यांच्या कचाट्यात सापडलेल्या निर्मात्याचं सांस्कृतिक धोरणावरचं इतकं चांगलं पाठ्यपुस्तक मराठीत दुसरं नसेल. ज्याला हा विषय समजून घ्यायचा आहे त्यानं सुरुवात तिथूनच करावी.

त्यापुढची सामग्री रूक्ष आहे, पण फुकट आहे. शासन निर्णय राज्य सरकारच्या संकेतस्थळावर विभागवार मिळतात. अर्थसंकल्पाच्या पुस्तकांत सांस्कृतिक कार्याच्या मागणीखाली मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च पाहता येतो. भाषणातली घोषणा आणि झालेला खर्च यांत किती अंतर पडलं, हे प्रत्यक्ष खर्चाच्या रकान्यात कळतं. कॅगचे अहवालही चाळावेत. २०१३ च्या अहवालात केंद्राच्या संरक्षणाखालची ९२ स्मारकं जागेवर सापडतच नाहीत, अशी नोंद आहे. पुण्यातलं ललित कला केंद्र किंवा मुंबई विद्यापीठाची अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स यांनी आवाज आणि अभिनयाच्या तासांबरोबर एक तास असे कागद वाचायला दिला, तर पुढची पिढी निदान फसवली जाणार नाही.

नाट्यगृहांचा विषय तर आणखी जवळचा. भाडं किती, शनिवार-रविवारच्या तारखा कोणाला, ध्वनियंत्रणा कधी दुरुस्त होणार, हे महापालिका ठरवते. गेल्या वर्षी आपल्या गावच्या नाट्यगृहाच्या किती तारखा नाटकांना मिळाल्या आणि किती मेळावे, सत्कार, स्नेहसंमेलनं यांना गेल्या, हे माहितीच्या अधिकारात कोणीही विचारू शकतो. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, आणि तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे.