घंटागाडीच्या आवाजाचा दंड कोणाच्या खिशातून?

गेल्या आठवड्यापासून आपल्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक बातमी मोठ्या आनंदाने फिरतेय. नव्या वसाहतीत पहाटे पाच-सव्वापाचला घंटागाडी भोंग्यावर गाणं लावून येत होती. लोकांनी तक्रार केली, नगरपरिषदेने ठेकेदाराला नोटीस काढली आणि 'कारवाई झाली'. खाली अंगठे आणि टाळ्यांचा पाऊस.

कारवाई म्हणजे नेमकं काय झालं, हे मात्र कोणी विचारलं नाही. मी विचारलं. गाडीचा चालक आणि मागचे दोन कामगार, तिघांचीही तीन-तीन दिवसांची मजुरी कापली गेली. ठेकेदाराच्या बिलातून एक रुपया कमी झालेला नाही.

तक्रार खोटी नाही, हे आधीच सांगतो. झोप ही काही श्रीमंतांची चैन नव्हे. त्या वसाहतीत रात्रपाळी करून येणाऱ्या नर्स आहेत, आजारी म्हातारी माणसं आहेत, तान्ही बाळं आहेत. आणि नियमही आहे. ध्वनी प्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. त्या वेळेत उघड्यावर भोंगा लावायला बंदी आहे आणि निवासी भागात हॉर्नलाही. म्हणजे सव्वापाचला भोंगा वाजला तर नियम मोडलाच. त्यावर वाद नाही.

वाद आहे तो नियम मोडला कोणी, यावर.

गाडी सव्वापाचला का येते? चालकाला पहाटे साडेतीनला उठायची हौस आहे म्हणून? ठेक्यात जेवढ्या गाड्या दाखवल्यात त्यातल्या निम्म्या रस्त्यावर असतात, बाकीच्या 'दुरुस्तीला' आहेत. दुकानं उघडायच्या आत बाजारपेठ साफ व्हायला हवी, हा नगरपरिषदेचा हुकूम. दिवसाच्या खेपा पूर्ण झाल्या पाहिजेत, हा ठेकेदाराचा हुकूम. मग उरलेल्या गाड्यांनी दोन-दोन वॉर्ड उरकायचे तर सुरुवात पाचलाच होणार. वेळापत्रक ऑफिसात ठरतं. भोंगा नगरपरिषदेने बसवलाय, गाणंही तिनेच दिलंय. आणि गाणं वाजलं नाही तर "गाडी आलीच नाही" अशी तक्रार करणारेही आपणच. त्या पोराच्या हातात आहे काय? स्टिअरिंग.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

हे आपल्याकडेच होतं असंही नाही. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात, अटलांटाजवळ सँडी स्प्रिंग्ज नावाचं सुखवस्तू शहर आहे. तिथे सकाळी ७ च्या आधी कचरा उचलायला बंदी. २०१५ मध्ये तिथल्या एका कचरा कामगाराला पहाटे पाचनंतर लगेच कचरा उचलला म्हणून ३० दिवसांची कैद झाली. हो, कैद! नोकरी सांभाळून शनिवार-रविवार तुरुंगात जायचं. माणूस कामावर नवा होता, कोर्टात वकीलही नव्हता. सरकारी बाजूचं म्हणणं असं, की दंडाचा कंपनीवर काही परिणाम होत नाही, तुरुंगाचा होतो.

हा युक्तिवाद पुन्हा वाचा. दंडाचं काही वाटत नाही कंपनीला आणि तुरुंगात जायचं कामगाराने! कंपनी ऐकत नसेल तर तिचा दंड दहापट करा, परवाना काढून घ्या. ते अवघड, कारण कंपनीकडे वकील असतात. माणूस सोपा. लोकांनी देशभर आरडाओरडा केला तेव्हा दोन शनिवार-रविवारांनंतर उरलेली शिक्षा सोडून द्यावी लागली. आपल्याकडे तुरुंग नाही, पगार आहे. हिशोब तोच.

आता आपल्याकडचा कायदा. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात होतं आणि आता २०१९ च्या वेतन संहितेतही आहे: कामगाराला दंड करायचा तर कोणत्या चुकीसाठी, हे सरकारी मंजुरीने आधी जाहीर केलेलं असावं लागतं. त्याला आपली बाजू मांडायची संधी द्यावी लागते. आणि दंड त्या पगाराच्या ३ टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. समजा महिना १२,००० मिळतात. ३ टक्के म्हणजे ३६० रुपये. तीन दिवसांची मजुरी १,२०० होते. या तिघांना ना नोटीस मिळाली, ना कोणी काही विचारलं. पगार हातात आल्यावर कळलं. म्हणजे आवाजाचा नियम पाळायला लावताना मजुरीचा कायदा मोडला. त्यावर कोणी अंगठा दाखवला नाही.

आणि झोपेची एवढी काळजी आहे तर एक विचारतो. सणासुदीला रात्री १२ पर्यंत भोंग्याला सवलत देता येते, वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस. ती आपल्याकडे पुरेपूर वापरली जाते, वर बाराच्या पुढेही डीजे वाजतो. खिडक्यांची तावदानं हादरतात. तेव्हा हेच ग्रुप चिडीचूप असतात. आजवर एकाही मंडळाच्या अध्यक्षाच्या खिशातून तीन दिवसांची कमाई गेल्याचं मी ऐकलेलं नाही. पहाटेचा आवाज नेमका कचरा उचलणाऱ्याचाच का टोचतो?

झोपही मिळेल आणि अन्यायही होणार नाही, असा उपाय अवघड नाही. निवासी भागात सहाच्या आधी गाडी जाणार नाही, हे ठेक्याच्या अटींत लिहा. पहाटेची पहिली खेप बाजारपेठेत करा, वस्त्यांमध्ये नंतर या. कागदावरच्या सगळ्या गाड्या रस्त्यावर आणा. तरीही वेळ मोडली तर दंड ठेकेदाराच्या बिलातून कापा, आणि तो मजुरांच्या माथी मारता येणार नाही हेही त्याच अटींत लिहा. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी मुख्य नियोक्ता म्हणून नगरपरिषदेवर येते. तेव्हा "तो त्यांचा अंतर्गत विषय आहे" हे उत्तर मुख्याधिकारी साहेबांनी मला दुसऱ्यांदा देऊ नये.

तिघांचे पैसे या महिन्याच्या पगारात परत मिळाले पाहिजेत. ज्यांनी तक्रारीवर सह्या केल्या, त्यांनी याही मागणीवर सह्या कराव्यात. अर्ज लिहून तयार आहे. सोमवारी अकरा वाजता नगरपरिषदेत द्यायला जातोय. या.