मतदानानंतरचा दिवस

पुणे महानगरपालिकेची निवडणूक १५ जानेवारी २०२६ रोजी पार पडली. दुसऱ्या दिवशी मतमोजणी झाली, गुलाल उधळला गेला आणि गल्लोगल्ली हिंडणारे बहुतेक प्रचारक एका रात्रीत दिसेनासे झाले. कोण जिंकले, कोण हरले याची चर्चा दैनिकांनी पुरेशी केली आहे. आम्हांला येथे विचार करावयाचा आहे तो या प्रचारकाचा. निवडणुकीच्या राजकारणाचे खरे दर्शन उमेदवाराच्या भाषणात घडत नाही. ते त्याच्यासाठी दारोदार फिरणाऱ्या माणसाच्या दिनक्रमात घडते.

सिंहगड रस्त्यालगतचे धायरीच घ्या. जुने गावठाण, लहान कारखान्यांच्या शेड, कामगारांच्या भाड्याच्या खोल्या आणि बहुमजली गृहसंस्था यांची येथे दाटी झाली आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये जी ११ गावे महापालिकेत घेण्यात आली, त्यांत धायरी होते. ग्रामपंचायत गेली, तिच्याबरोबर ग्रामसभाही गेली. त्या बदल्यात ११ गावांना मिळून दोन नगरसेवक मिळाले, तेही २०१९ च्या पोटनिवडणुकीने. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासकाचा अंमल सुरू झाला. मुदत संपण्यापूर्वीच नवी निवडणूक पुरी व्हावी, असे बंधन ७४ व्या घटनादुरुस्तीने घातले आहे. तरीही आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादात ती जवळजवळ चार वर्षे रखडली. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, तेव्हा कोठे चक्रे हलली.

या मधल्या काळात, जानेवारी २०२५ मध्ये, नांदेड, किरकिटवाडी, धायरी या पट्ट्यात गिया-बारे सिंड्रोमचा उद्रेक झाला. पुणे परिसरातील संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली आणि संशयाचे बोट दूषित पाण्याकडे वळले. खडकवासल्याचे धरण हाकेच्या अंतरावर असताना घरात येणारे पाणी प्यावे की नाही, अशी धास्ती लोकांनी बाळगावी, आणि जाब विचारावयाचा तर निवडून दिलेला एकही नगरसेवक नसावा, ही स्थिती लोकशाहीला शोभा देणारी नव्हती.

अशा गावात प्रचाराला निघालेल्या कार्यकर्त्याचा दिवस उजाडण्यापूर्वी सुरू होतो. कामगार पाळीवर जाण्याआधी आणि टँकर येण्याच्या सुमारास माणसे घराबाहेर भेटतात. मग मतदारयादी घेऊन जिने चढणे आले. यादीतील भाडेकरू केव्हाच खोली सोडून गेलेला असतो, त्याच्या जागी आलेल्याचे नाव गावाकडच्या यादीत असते, आणि एकाच घरातील नवरा-बायकोची नावे दोन निरनिराळ्या केंद्रांवर निघतात. चार सदस्यांच्या प्रभागात एका मतदाराने चार मते द्यावयाची असतात, हे समजावता समजावता घसा बसतो. दुपारी चिठ्ठ्या लिहिणे, संध्याकाळी पदयात्रा व कोपरा सभा, रात्री हिशेब. एवढ्या धावपळीत एक प्रश्न मात्र त्याला घरोघरी भेटतो: निवडून आल्यावर पुन्हा याल काय?

या प्रश्नाचे उत्तर उमेदवाराच्या पत्रकात नसते. ते कार्यकर्त्याला स्वतःच्या बळावर द्यावे लागते. आज अनेक पक्षांचा प्रचार रोजावर आणलेल्या माणसांकरवी चालतो. झेंडा धरून दिवसाची मजुरी घेणाऱ्या मोलकरणीला किंवा बेकार तरुणाला आम्ही दोष देणार नाही. श्रम केले की दाम मागण्याचा अधिकार त्यांनाही आहे. दोष आहे तो विचार सांगणारी माणसे घडविण्याचे काम सोडून घोषणा देणारी माणसे भाड्याने घेणाऱ्या पक्षांचा. मजुरीवर आलेला माणूस त्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाही, कारण उद्या तो दुसऱ्याच झेंड्याखाली असेल.

डॉ. लोहियांनी मतपेटीबरोबर फावडे आणि तुरुंग यांनाही राजकारणाची साधने मानले. विधायक काम आणि संघर्ष यांवाचून मागितलेले मत म्हणजे निव्वळ याचना, हा त्याचा अर्थ. पुण्याला ही परंपरा नवी नाही. १९६७ साली एस. एम. जोशी या शहरातून लोकसभेवर गेले, ते वर्षानुवर्षांच्या लोकसंपर्काच्या बळावर. बाबा आढाव महापालिकेत नगरसेवक होते. परंतु त्यांची खरी ओळख हमाल पंचायतीने दिली. ८ डिसेंबर २०२५ रोजी ते गेले आणि आठवड्याच्या आत ही निवडणूक जाहीर झाली. त्यांना श्रद्धांजली वाहणाऱ्यांपैकी किती जणांनी त्यांच्या कार्यपद्धतीचे स्मरण ठेवून प्रचार केला, हे ज्याचे त्याने तपासावे.

आमची यश-अपयशाची कसोटी मतांच्या आकड्यांपुरती नाही. ग्रामसभा गेलेल्या गावाला नागरी स्वरूपात ती परत मिळवून देता येईल. महाराष्ट्राच्या महापालिका कायद्यात २००९ पासून क्षेत्रसभेची तरतूद आहे. नगरसेवकाने आपल्या भागातील मतदारांची सभा घ्यावी, त्यांची गाऱ्हाणी ऐकावी आणि कामांचा अग्रक्रम त्यांच्याकडून ठरवून घ्यावा, अशी ती कल्पना. ती आजवर बव्हंशी कागदावरच राहिली, कारण तिची मागणी करणारे संघटित नागरिक उभे राहिले नाहीत.

मतदारयादी आपल्या हाती आहे. तिच्या समासात कार्यकर्त्यांनी टिपून ठेवलेल्या तक्रारीही आहेत: कोठे नळाला पाणी नाही, कोठे मैलापाणी उघड्यावर वाहते, कोणत्या खोलीतील नाव यादीतून गळले आहे. तीच यादी घेऊन त्याच जिन्यांनी पुन्हा वर जावे, पाण्याच्या तपासणीचे अहवाल मागावेत, आणि निवडून आलेला नगरसेवक कोणत्याही पक्षाचा असो, त्याला क्षेत्रसभा बोलावण्यास भाग पाडावे. त्या वेळी हातात उमेदवाराचे पत्रक नसेल. पण दार उघडणाऱ्या माणसाला आपला प्रश्न आठवेल, आणि आपण आलो आहोत हेच त्याचे उत्तर असेल.