क्रमवारीचा बाजार आणि पालकांचा विवेक

बारावीचा निकाल लागला आणि सामाईक प्रवेश परीक्षेचे पर्सेंटाइल हाती पडले की महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांत संगणकासमोर बैठक भरते. पूर्वी असा निर्णय घेताना ओळखीच्या प्राध्यापकांचा, शेजारच्या अभियंत्याचा किंवा शाखेतील एखाद्या ज्येष्ठ कार्यकर्त्याचा सल्ला घेतला जात असे. आता तो मान महाविद्यालयांची तुलना करून देणाऱ्या संकेतस्थळांकडे गेला आहे. दोन संस्थांची नावे टाकावीत, कळ दाबावी आणि शुल्क, क्रमांक, 'पॅकेज', तारांकने असे सारे शेजारी शेजारी मांडून यावे. चार वर्षांचे शिक्षण आणि त्यासाठी काढलेले काही लाखांचे कर्ज यांचा निर्णय घटकाभरात होतो.

माहिती मिळणे वाईट नाही. किंबहुना माहिती दडवून ठेवण्यावरच अनेक शिक्षणसम्राटांची साम्राज्ये उभी राहिली. १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडून दिले. तेव्हापासून जाहिरातीतील इमारत आणि प्रत्यक्षातील प्रयोगशाळा यांतले अंतर सामान्य पालकाने आपल्या खिशातून मोजले आहे. म्हणून 'हे सारे पाश्चात्त्य थोतांड आहे, संगणक बंद करा' असे सांगणाऱ्या आपल्यातील काही मंडळींशी सहमत होता येणार नाही. प्रश्न वेगळाच आहे. हे आकडे कोणाचे, ते कोणी गोळा केले आणि त्यांचा लाभ कोणाला होतो?

फुकट सल्ल्याची किंमत

तुलना करून देणारी बहुतेक खाजगी संकेतस्थळे पालकांकडून पैसे घेत नाहीत. ती मागतात फक्त भ्रमणध्वनी क्रमांक. दुसऱ्याच दिवसापासून त्या क्रमांकावर 'प्रवेश समुपदेशकां'चे दूरध्वनी का सुरू होतात, याचा विचार किती जण करतात? प्रवेशेच्छू विद्यार्थ्यांचे क्रमांक संस्थांना पुरवणे आणि संस्थांच्या जाहिराती ठळकपणे झळकवणे हा या व्यवसायाचा मोठा आधार आहे. ज्याचे पोट महाविद्यालयांच्या जाहिरातींवर चालते, त्याने महाविद्यालयांचा न्यायनिवाडा करावा, ही अपेक्षाच भाबडी आहे. येथे ग्राहक महाविद्यालय असते आणि विद्यार्थी हा विक्रीचा माल.

'पॅकेज'चा आकडा हे या बाजारातले सर्वांत प्रभावी अस्त्र. त्याची करामत समजण्यासाठी एक काल्पनिक वर्ग घ्यावा. वर्गात ६० विद्यार्थी आहेत. त्यांतले ४० जण मुलाखतींसाठी 'पात्र' ठरवले गेले आणि ३६ जणांना नोकरी मिळाली. जाहिरात सांगेल, ९० टक्के विद्यार्थ्यांना नोकऱ्या. वर्गाच्या हिशेबाने ते प्रमाण ६० टक्केच भरते. आता त्या ३६ पैकी ३५ जणांना वर्षाला ४ लाख आणि एकाला ४० लाख रुपये मिळाले, असे धरू. सरासरी ५ लाख होते. वास्तविक ३५ जणांपैकी एकालाही ५ लाख मिळालेले नाहीत. फलकावर मात्र त्या एकाचेच छायाचित्र झळकते. यात खोटा आकडा एकही नाही, तरी पालकाची फसवणूक पूर्ण झालेली आहे.

'कटऑफ'चीही तीच गत. केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतील कटऑफ म्हणजे त्या शाखेत, त्या प्रवर्गात, त्या फेरीत शेवटचा प्रवेश कोणत्या गुणांवर झाला याची नोंद. ती मागणी दाखवते, अध्यापनाची गुणवत्ता नव्हे. सर्वांनी एकाच संस्थेकडे धाव घेतली की तिचा कटऑफ चढतो आणि चढलेला कटऑफ पाहून पुढच्या वर्षी आणखी धाव घेतली जाते. शिवाय अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२४-२५ पासून शाखांच्या प्रवेशक्षमतेवरील कमाल मर्यादा उठवली. संगणक शाखेच्या जागा वाढल्या की गतवर्षीचा कटऑफ यंदाचे भाकीत करू शकत नाही. तरीही 'तुम्हाला कोणते महाविद्यालय मिळेल' हे सांगणारी साधने त्याच जुन्या आकड्यांवर नवी कुंडली मांडतात!

विदेशी मोजपट्टी

याहून गंभीर रोग आहे तो विदेशी क्रमवारीच्या मोहाचा. 'क्यूएस' या ब्रिटिश क्रमवारीत दीर्घकाळ ४० टक्के भार केवळ प्राध्यापकांमधील लौकिकाला होता. अलीकडे तो ३० टक्क्यांवर आणला गेला. परदेशी अध्यापक आणि परदेशी विद्यार्थी किती, याचेही स्वतंत्र गुण. सांगलीच्या किंवा अमरावतीच्या संस्थेत परदेशी विद्यार्थी नाहीत म्हणून तेथील स्थापत्य अभियंता कच्चा ठरतो काय? २०२० साली मुंबई, दिल्ली, मद्रास, कानपूर, खरगपूर, रुरकी आणि गुवाहाटी या सात आयआयटींनी पारदर्शकतेच्या अभावाचे कारण देत 'टाइम्स हायर एज्युकेशन'च्या क्रमवारीवर बहिष्कार टाकला. देशातील अग्रगण्य संस्थांनी दाखवलेला हा स्वाभिमान पालकांपर्यंत मात्र पोहोचलाच नाही.

खुद्द या क्रमवारीच्या माहेरी काय घडले? अमेरिकेतील 'यूएस न्यूज'च्या यादीत दुसऱ्या स्थानावर असलेल्या कोलंबिया विद्यापीठाच्या आकड्यांवर २०२२ साली तेथीलच गणिताचे प्राध्यापक मायकेल थॅडियस यांनी बोट ठेवले. वीसपेक्षा कमी विद्यार्थी असलेले वर्ग ८२.५ टक्के असल्याचा विद्यापीठाचा दावा होता. पुढे विद्यापीठानेच प्रसिद्ध केलेला आकडा ५७.१ टक्के निघाला. कोलंबिया एकदम अठराव्या स्थानावर घसरले आणि २०२३ साली त्या क्रमवारीतून बाहेर पडले. एका वर्षात तेथील वर्ग बदलले नव्हते, ग्रंथालय बदलले नव्हते. बदलला होता तो फक्त क्रमांक.

त्याच अमेरिकेकडून घेण्यासारखी एक गोष्टही आहे. २०१५ साली तेथील शासनाने 'कॉलेज स्कोअरकार्ड' खुले केले. शासकीय अर्थसाहाय्य घेतलेल्या विद्यार्थ्यांचे पुढचे उत्पन्न त्यात महाविद्यालयाला विचारून भरले जात नाही, ते शासनाच्या कर-नोंदींतून घेतले जाते. ज्याची परीक्षा घ्यायची त्याच्याच हाती गुणपत्रिका द्यायची नाही, हे साधे तत्त्व आपल्याकडे का येऊ नये?

आपल्या हातातील साधने

आपल्याकडे साधने नाहीत असे नाही. २०१५ साली केंद्र सरकारने सुरू केलेल्या 'एनआयआरएफ'मध्ये सहभागी होणाऱ्या संस्थांना आपण भरलेली माहिती स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. तीत प्रवेशित किती, ठरलेल्या मुदतीत उत्तीर्ण किती, नोकरी मिळालेले किती, उच्च शिक्षणास गेलेले किती आणि मध्यक वेतन किती, हे सारे असते. मध्यक म्हणजे सर्व वेतने क्रमाने लावल्यावर बरोबर मधले; त्याला तो एक ४० लाखांचा मानकरी फुगवू शकत नाही. ही माहितीही संस्थांनी स्वतःच भरलेली असते आणि क्रमवारीत 'लौकिका'ला १० टक्के भार येथेही आहेच. म्हणून क्रमांक बाजूला ठेवावा आणि मूळ तक्ता वाचावा. शुल्क नियामक प्राधिकरणाने मंजूर केलेले शुल्क संस्थेच्या पत्रकाशी ताडून पाहावे. ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना २०२४-२५ पासून राज्य शासनाने व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क पूर्ण माफ केले आहे. हे ध्यानात न घेता संकेतस्थळावरचे शुल्क पाहून मुलीला माघारी वळवणे हा तिच्यावर अन्याय आहे.

मात्र हे सारे कागद चार ठिकाणी, शेकडो पानांच्या धारिकांत विखुरलेले आहेत. पुण्या-मुंबईचा पालक ते शोधतो किंवा समुपदेशकाला पैसे मोजतो. किनवट किंवा अक्कलकुवा तालुक्यातील पालक काय करणार? कटऑफ, मंजूर शुल्क, मध्यक वेतन आणि विद्यापीठाचा निकाल एकाच ठिकाणी, मराठीतून, विनामूल्य पाहता येईल अशी व्यवस्था शासनाने उभारली पाहिजे. आकडे शासनाच्या पदरी असताना त्यांचे दुकान खाजगी मंडळींनी मांडावे, हे लाजिरवाणे आहे. आणि ही मागणी करताना आपल्या विचारांची मंडळी चालवत असलेल्या संस्थांनाही सूट नसावी. संस्कारांची भाषा बोलणाऱ्या संस्थेने तरी आपले आकडे सर्वांत आधी खुले केले पाहिजेत.

अखेर आकडा वाट दाखवतो, जायचे कोठे ते सांगत नाही. १९१० साली नागपूरहून कलकत्त्यास गेलेल्या केशवराव हेडगेवारांनी नॅशनल मेडिकल कॉलेज निवडले. त्या पदवीला ब्रिटिश सरकारची मान्यता नव्हती. आजच्या कोणत्याही तुलनातक्त्यात ते महाविद्यालय तळालाच गेले असते. परंतु जायचे कोठे हे त्या तरुणाला ठाऊक होते, म्हणून कोठे शिकायचे हेही ठरले. प्रत्येकाने तसेच करावे असे नव्हे. सामान्य घरातील मुलाला नोकरी हवी आणि तशी इच्छा बाळगण्यात कमीपणा नाही. पण मुलाची आवड, घराची ऐपत आणि आयुष्याची दिशा यांचा रकाना कोणत्याही संकेतस्थळावर नसतो. तो घरातच भरावा लागतो.

कार्यकर्त्यांसाठी येथे काम आहे. प्रवेशाच्या हंगामात तालुक्याच्या ठिकाणी दोन-तीन तरुण एक संगणक घेऊन बसले, मूळ तक्ते कसे वाचायचे हे पालकांना दाखवले आणि पसंतीक्रम भरण्याआधी एकदा महाविद्यालय प्रत्यक्ष पाहून येण्याचा आग्रह धरला, तरी कितीतरी घरे कर्जाच्या चुकीच्या विळख्यातून वाचतील. प्रवेशाचा बाजार निषेधाच्या ठरावांनी उठणार नाही. गिऱ्हाईक शहाणे झाले की तो आपोआप उठेल.