सोळाचा पाना की सतराचा?

एम१०चा षटकोनी बोल्ट जुन्या डीआयएन ९३१प्रमाणे घेतला तर १७चा पाना लागतो, आयएसओ ४०१४प्रमाणे घेतला तर १६चा. एम१२ची तीच गत, १९ आणि १८. कॅडच्या पडद्यावर हा एक मिलिमीटर कुणाला जाणवत नाही. फिटरला पहिल्याच बोल्टला जाणवतो. एका फिक्श्चरवर दोन्ही जातीचे बोल्ट आले की त्याला पाने बदलत बसावे लागते.

घोटाळा सुरू होतो तो डिझाइनच्या टेबलावर. सामायिक लायब्ररी नसली की जो तो आपल्या फोल्डरमधला बोल्ट उचलतो. मग पार्ट लिस्टमध्ये एकच बोल्ट तीन नावांनी उतरतो आणि खरेदीवाल्याला ते तीन वेगळे बोल्ट वाटतात.

साधनांची वाण नाही. सॉलिडवर्क्समध्ये टूलबॉक्स आहे, इन्व्हेंटरमध्ये कंटेंट सेंटर, फुकटच्या फ्रीकॅडलाही फास्टनर्स वर्कबेंच जोडता येते. पण टूलबॉक्स प्रत्येकाच्या संगणकावर वेगवेगळा राहिला, तर एकाची असेंब्ली दुसऱ्याकडे उघडताना स्क्रू एकाएकी राक्षसी दिसू लागतात. एकाच फाइलमध्ये अनेक मापे साठवलेली असतात. हवे ते माप दुसऱ्याकडच्या फाइलमध्ये नसले की सॉफ्टवेअर तिथले भलतेच माप दाखवते. म्हणून टूलबॉक्स सर्व्हरवर एकच हवा, लागणारी मापे आधीच तयार हवीत आणि त्यात बदल करण्याचा अधिकार एकाच माणसाकडे हवा.

हा माणूस कोण? बहुतेक ठिकाणी हे काम नव्या ट्रेनीच्या गळ्यात पडते, आणि ते साफ चूक आहे. कोणता बोल्ट ठेवायचा हे अनुभवी डिझायनरने स्टोअरकीपरला शेजारी बसवून ठरवावे. स्टोअरमध्ये एम८चे ॲलन बोल्ट २५, ३० आणि ४० लांबीचेच असतील, तर लायब्ररीतही तेवढेच दिसू द्यावेत. ३५चा समोर दिसला की कुणीतरी तो वापरणारच, आणि मग चार बोल्टांसाठी माणूस बाजारात धाडावा लागणार.

नावात पिच लिहायलाच हवी. एम१०ची नेहमीची पिच १.५, बारीक आट्यांची १.२५; मॉडेलमध्ये आटे नुसते चित्रापुरते असल्याने दोन्ही बोल्ट सारखेच दिसतात, पण एकाचा नट दुसऱ्यावर चढत नाही. पिचसोबत मानकाचा क्रमांक, लांबी, ८.८ किंवा १२.९ हा ग्रेड, प्लेटिंग आणि स्टोअरचा कोडही फाइलमध्ये भरावा, म्हणजे पार्ट लिस्ट हाताने लिहावी लागत नाही.

आटे खरेखुरे कोरण्याचा मोह मात्र टाळावा. शेकडो बोल्टांची असेंब्ली त्याने फिरवतासुद्धा येत नाही. ६२०४ बेअरिंगचेही तसेच: भोक २०, बाहेरचा व्यास ४७, रुंदी १४ आणि कडेची गोलाई एवढे पुरते, आतले बॉल कशाला?

नवी लायब्ररी आली म्हणून जुने डीआयएनचे बोल्ट पुसून टाकू नयेत. त्यांच्यावर ‘नव्या कामात वापरू नये’ अशी खूण करून ते वेगळ्या फोल्डरमध्ये हलवावेत आणि तो फोल्डर सॉफ्टवेअरच्या शोधमार्गात राहू द्यावा. दहा वर्षांपूर्वीचे मशीन दुरुस्तीला आले की त्याची असेंब्ली हेच बोल्ट शोधते.