रडीचा डाव नेमका कुणाचा?

‘भावा, कड्यावर काय मारतोस? वर येऊ दे की त्याला!’ हे वाक्य ऐकलं की माझं डोकं सटकतं. पन्हाळ्यावर पावसाळी धुकं उतरलं की आम्ही चौघं-पाचजण लॅपटॉपभोवती ‘सुपर स्मॅश ब्रदर्स मेली’ खेळत बसतो, आणि कंट्रोलर हातात यायच्या आधीच नियम ठरतो : स्टेजबाहेर गेलेल्याला परत येऊ द्यायचं. एजगार्ड म्हणजे रडीचा डाव.

माझ्या मते तो नियमच रडीचा आहे.

2001 सालच्या या गेममध्ये जीव मोजायची पट्टी नाही. मार बसेल तसे टक्के चढतात, टक्के चढतील तसा माणूस लांब उडतो, आणि पडद्याच्या हद्दीबाहेर गेला की मेला. म्हणजे स्टेजबाहेरची पोकळी हीसुद्धा रणभूमीच. तिथं लढायचं नाही म्हणणं म्हणजे कबड्डीत चढाईला आलेल्याला हाताला धरून मध्यरेषेपर्यंत पोचवणं. तो परत गेला तरच त्याचे गुण धरतात, म्हणून तर त्याचा घोटा पकडतात. पकड करणाऱ्याला कुणी भेकड म्हणालेलं ऐकलंय?

आणि फॉक्स, फाल्को, कॅप्टन फाल्कन घेऊन एजगार्ड करणं सोपं वाटत असेल तर एकदा करून बघा. ही पात्रं दगडासारखी पडतात. खाली गेलेल्याला झटकन गाठतात खरी, पण त्याच वेगानं स्वतःही खाली चाललेली असतात. फॉक्सनं बाहेर झेप घ्यायची, ‘शाइन’ लावून समोरच्याला आणखी लांब ढकलायचं आणि राखून ठेवलेल्या दुसऱ्या उडीनं परत फिरायचं. ती उडी आधीच खर्चली असेल तर बोंबला. फाल्कोचा खालच्या दिशेनं मारलेला फटका थेट पाताळात धाडतो, पण त्याची परत यायची झेप फॉक्सपेक्षाही तोकडी. नेम चुकला तर मारायला गेलेलाच आधी मरतो.

मेलीत कड्याला एका वेळी एकच जण लटकू शकतो, त्यामुळे नुसता कडा अडवून मारणं चिडकं वाटतं, हे मान्य. 2014 च्या भागांत ते बदललंसुद्धा. पण बाहेर उडी घेणाऱ्यावर तो राग कशाला?

बरं, या दयेनं वाचतो कोण? फॉक्सच! वेगात, माऱ्यात तो आधीच वरचढ. त्याचं परत येणं कच्चं, आणि नेमकं तेच तुम्ही झाकता. उलट हवेत पाच उड्या मारणाऱ्या जिग्लीपफचं सगळं बळ त्या पोकळीत, ते तुम्ही काढून घेता. 2016 च्या इव्होत हंग्रीबॉक्सनं हीच जिग्लीपफ घेऊन आर्माडाला अंतिम सामन्यात हरवलं.

आमच्या पन्हाळ्यात बाजीप्रभूंचा पुतळा आहे. जुलै 1660 मध्ये त्यांनी घोडखिंडीत वाट अडवली, कारण ती अरुंद होती. (बलिदानाची तुलना गेमशी करत नाही, जागा हेरण्याच्या अकलेबद्दल बोलतोय.) शत्रूला मोकळ्या माळावर येऊ द्यायला हवं होतं, असं आमचा एकही नियमवाला म्हणणार नाही.

नवख्याची कणव असेल तर त्याला एक जीव जास्त द्या. नाहीतर परत यायला शिकवा : दुसरी उडी लगेच उधळू नकोस, कधी कडा धर, कधी वरून थेट स्टेजवर ये, आणि दर वेळी त्याच उंचीवरून आलास तर मी तिथंच उभा असेन.